छाप बसण्याआधी

क्रिकेटच्या हिरव्यागार मैदानावर ‘शांतता राखा’ ही अक्षरं मी पहिल्यांदा पाहिली ती २००९च्या उन्हाळ्यात, मिरजेतल्या एका दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये. डॉक्टरांनी हौसेनं ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही भिंतीवर लावून घेतला होता. पेन ड्राइव्हवरून त्यावर रोज सकाळी नऊ ते रात्री आठ एकच पाटी चालायची. निळ्या रंगावर पांढऱ्या ठळक अक्षरांत दवाखान्याचं नाव, तपासणीच्या वेळा, आणि तळाला ‘शांतता राखा’. एका रविवारी कंपाउंडरनं मॅच लावली, तर बोलर धावत येतोय आणि त्याच्या पायाखाली ती अक्षरं. त्याला वाटलं पेन ड्राइव्ह काढायचा राहिला. तो काढला, केबलची पिन काढून लावली, टीव्ही बंद करून चालू केला. अक्षरं तिथंच. मग मला फोन आला.

मी गेलो, मऊ कापडानं काच पुसून पाहिली. पुसताना वाईट वाटत होतं, कारण उत्तर मला माहीत होतं. अक्षरं आता पांढरी नव्हती, हिरवळीवर कुणी मळकट पाण्यानं लिहावं तशी गडद दिसत होती. डॉक्टर येऊन मागं उभे राहिले. म्हणाले, “जळला का हो?”

“जळला नाही डॉक्टर. झिजला.”

इंग्रजी नावामुळे, बर्न-इनमुळे, सगळ्यांना वाटतं काहीतरी करपलं. आमच्या धंद्यात आम्ही ‘छाप बसली’ म्हणायचो आणि तोच शब्द मला जास्त खरा वाटतो. प्लाझ्माच्या पडद्यात लाखो बारीक कप्पे असतात. त्यांत निऑन आणि झेनॉन हे वायू भरलेले असतात. वीज दिली की वायूतून अतिनील प्रकाश निघतो आणि कप्प्याच्या आत लावलेला लाल, हिरवा किंवा निळा फॉस्फर त्यानं उजळतो. हा फॉस्फर उजळत उजळत म्हातारा होतो. सगळा पडदा सारख्याच वेगानं म्हातारा झाला तर घरातल्या कुणाच्या लक्षातही येत नाही. पण दवाखान्यातल्या त्या अक्षरांच्या जागी लाल आणि हिरवे कप्पे रोज अकरा तास राबत होते आणि त्यांचे शेजारी, निळ्या रंगाच्या जागेतले लाल-हिरवे कप्पे, जवळजवळ स्वस्थ बसून होते. वर्षभरानं दोघांना एकत्र उजळायला सांगितलं की फरक दिसणारच.

आमच्या घरी काळ्या दगडाचा पाटा होता. आजीपासून आईपर्यंत दोन पिढ्यांची चटणी त्यावर वाटली गेली. मधोमध खोलगट झालेला. टाकी लावणारी बाई दारावर आली की आई पाटा बाहेर काढायची. ती बाई मधल्या खळग्याला फारसं काही करायची नाही, कडेच्या उंचवट्यावर छिन्नी चालवायची. लहानपणी मी विचारलं होतं, खड्डा का भरत नाहीस? ती म्हणाली, “दगड भरत न्हाई बाळा. बाकीचा खाली आणायचा.”

छापेवर जे ‘उपाय’ आहेत ते सगळे या प्रकारचे आहेत. रात्रभर पांढरा पडदा लावून ठेवा, रंग फिरवणारा व्हिडिओ चालवा, सरकती पांढरी पट्टी सोडा. छाप ताजी, वरवरची असेल तर याने जाते, कारण ती झीज नसतेच. कप्प्यांत मागं राहिलेला विजेचा परिणाम असतो आणि दुसरं हलतं चित्र तासभर पाहिलं तरी तो निवळतो. पण खरी झीज भरून येत नाही. पांढऱ्या पडद्यानं एवढंच होतं की उरलेले कप्पेही राबवून म्हातारे केले जातात. डॉक्टरांच्या टीव्हीवर मी तीन रात्री हे केलं. अक्षरं फिकट झाली, पण त्यांच्याबरोबर सगळा टीव्हीच फिकट झाला. मी त्याचे पैसे घेतले नाहीत.

माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान १९८६ साली सुरू झालं आणि २०१८ साली बंद केलं. म्हणजे काचेच्या पिक्चर ट्यूबपासून ओएलईडीपर्यंतचा सगळा प्रवास हाताखालून गेला. छाप बसण्याचा रोग ट्यूबच्या काळातही होता, पण घरात तो क्वचितच यायचा. कलर ट्यूबमध्ये पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाबानं इलेक्ट्रॉनचा झोत फॉस्फरवर आदळतो. झीज तिथंही होतच होती. तरी घरच्या टीव्हीवर चित्र सतत हलायचं आणि दूरदर्शन दिवसाचे मोजके तास असायचं. रोग व्हायचा तो एकाच जागी एकच चित्र धरून बसलेल्या पडद्यांना. आमच्या स्टेशन रोडला नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचं एक पार्लर होतं. तिथली पॅकमॅनची पेटी मालकानं दुरुस्तीला दिली तेव्हा बंद काचेवरही त्या चक्रव्यूहाच्या रेघा दिसत होत्या. वीज नाही, तरी चक्रव्यूह आहे. मी ती काच शेजारच्या सतारमेकर मित्राला दाखवायला नेली होती. त्यानं बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, “घोडीवर तार घासून खाच पडते, तसंच की हे.”

कॉम्प्युटरवाल्यांना हे लवकर कळलं. १९८३च्या डिसेंबरात जॉन सोचा नावाच्या माणसानं ‘सॉफ्टॉक’ या मासिकात एक छोटा प्रोग्रॅम छापला. तीन मिनिटं कुणी कीबोर्डला हात लावला नाही की पडदा काळा करायचा, एवढंच त्याचं काम. पुढं त्याचेच, म्हणजे स्क्रीनसेव्हरचे, उडते टोस्टर झाले, चांदण्या झाल्या, बँकेतल्या कॉम्प्युटरवर फिरणारे नळ झाले. आम्ही ते नळ बघत रांगेत उभे राहायचो आणि ते पडदा वाचवण्यासाठी आहेत हे कुणाला माहीत नसायचं.

रुंद पडदा आला आणि हा रोग घरात शिरला. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण त्या दिवसांत गिऱ्हाइकांशी सगळ्यांत जास्त वाद याच गोष्टीवरून झाले.

जुना टीव्ही चार रुंद, तीन उंच. नवा सोळा रुंद, नऊ उंच. हे सोळास नऊ कुठून आलं, तर १९८०च्या दशकात अमेरिकेत कर्न्स पॉवर्स या अभियंत्यानं तेव्हा वापरात असलेल्या सगळ्या मापांच्या चौकटी एकमेकींवर ठेवून पाहिल्या. सगळ्यांत चौकोनी १.३३, म्हणजे उंचीच्या १.३३ पट रुंद, सिनेमाची सगळ्यांत लांबट २.३५. दोघींना सारखाच न्याय देणारी मधली चौकट १.७७च्या जवळ निघाली, म्हणजे सोळास नऊ. हिशेब सुंदर आहे, पण मधलं माप काढलं की दोन्ही टोकांना थोडी थोडी जागा रिकामी राहते. सिनेमा लावला की वर-खाली काळी पट्टी, जुना कार्यक्रम लावला की डावी-उजवीकडे. आणि २००८-०९ मध्ये आमच्याकडे केबलवर जे यायचं ते जवळजवळ सगळं चारास तीनच होतं.

प्लाझ्मावर या बाजूच्या पट्ट्या म्हणजे खरा धोका. भिंतीवरचं कॅलेंडर वर्षाअखेरीस काढलं की त्याच्यामागचा रंग कसा नवाकोरा दिसतो, आणि भोवतालची भिंत किती उतरली ते तेव्हाच कळतं, तसं व्हायचं. मधला चौकोन रोज मालिका, बातम्या दाखवून झिजायचा आणि काळ्या पट्ट्यांमागचे कप्पे कोरे राहायचे. मग एखाद्या दिवशी डीव्हीडीवर पूर्ण रुंदीचा सिनेमा लावला की दोन्ही बाजू मधल्या चित्रापेक्षा उजळ! म्हणून बऱ्याच प्लाझ्मा टीव्हींत या पट्ट्या काळ्याऐवजी करड्या करायची सोय असायची. करडी म्हणजे बाजूच्या कप्प्यांनाही थोडं काम. दिसायला ती कुणालाच आवडत नसे. “एवढे पैसे मोजून घेतला आणि दोन्ही बाजूंना राखाडी पडदे सोडायचे होय?” असं मला एक गुरुजी म्हणाले होते.

लोकांनी स्वतःच तोड काढली, चित्र ताणायचं. रिमोटवरचं बटण दाबलं की चौकोनी चित्र रुंद. पडदा वाचला, पण माणसं चपटी झाली. एका घरी मी लग्नाची सीडी लावून दिली. सासूबाई नव्या सुनेचं कौतुक करत होत्या, आणि पडद्यावर ती बारीकशी मुलगी आडवी पसरलेली. सून काही बोलली नाही, उठून आत गेली. तेव्हापासून मी ताणायचा सल्ला देणं बंद केलं. झूम करा म्हणायचो. वरखाली थोडं कापलं जातं, पण चेहरे चेहऱ्यासारखे राहतात. पडदा जपायचा तो माणसं नीट दिसावीत म्हणून.

पहिले शंभर-दोनशे तास ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट खाली ठेवा, हेही मी सगळ्यांना सांगायचो. नवा फॉस्फर सुरुवातीला भराभर उतरतो, मग स्थिरावतो. दहातले दोघं ऐकायचे. शोरूममध्ये टीव्ही डोळे दिपवणाऱ्या मोडवर ठेवलेला असतो; घरी आणल्यावर तो तसाच राहतो आणि मालक म्हणतो, रंग काय झकास आहेत.

प्लाझ्माचा खेळ आता संपलाय. १९६४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन यांनी तो जन्माला घातला आणि पन्नास वर्षांनी, २०१३-१४ मध्ये, मोठ्या कंपन्यांनी तो बनवणं थांबवलं. मधल्या काळात घरोघरी एलसीडी आला, त्यालाच आपण एलईडी टीव्ही म्हणतो. त्यात चित्राचा प्रत्येक ठिपका स्वतः पेटत नाही, मागं एक दिवा असतो आणि पुढं उघडझाप करणारी द्रवस्फटिकाची खिडकी. त्यामुळे छापेची चिंता फार कमी झाली, लोक निर्धास्त झाले. आणि मग ओएलईडी आला. पुन्हा प्रत्येक ठिपका आपापला पेटणारा, पुन्हा प्रत्येकाचं आपापलं म्हातारपण. दुकानात नावं ऐकून गोंधळ होतो म्हणून सांगतो, क्यूएलईडी म्हणजे मागं दिवा असलेला एलसीडीच. ओएलईडी वेगळा.

माझी मुलगी पुण्यात असते. तिनं २०१९ साली ५५ इंची ओएलईडी घेतला तेव्हा मला आधी विचारलं होतं. मी म्हटलं घे. काळा रंग मी आयुष्यात पहिल्यांदा निवांत पाहिला तो त्या टीव्हीवर. ट्यूबचा काळा म्हणजे करडा, एलसीडीचा काळा म्हणजे मागच्या दिव्याची गळती. इथं काळा म्हणजे तो ठिपका चक्क विझलेला. रात्री खोलीतले दिवे घालवून आम्ही दोघं नुसता काळा पडदा आणि त्यावरचा चंद्र बघत बसलो होतो.

पण उजळणारा पदार्थ सेंद्रिय, आणि त्यातही निळा प्रकाश देणारा सगळ्यांत नाजूक. आर-टिंग्स या कॅनडातल्या चाचणी करणाऱ्या मंडळींनी २०१८ पासून सहा एकसारखे ओएलईडी टीव्ही रोज वीस तास चालवून पाहिले, प्रत्येकावर वेगळा कार्यक्रम. सगळ्यांत वाईट हाल झाले ते पूर्ण ब्राइटनेसवर बातम्यांची वाहिनी लावलेल्या टीव्हीचे. आपल्याकडच्या बातम्यांच्या वाहिन्या आठवून पाहा. खाली लाल पट्टी, तिच्याखाली पिवळी पट्टी, कोपऱ्यात लोगो, दुसऱ्या कोपऱ्यात घड्याळ, आणि ‘ब्रेकिंग’ हा शब्द सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच जागी. मुलीला मी सांगितलं, बातम्या बघ, पण दिवसभर मागं चालू ठेवून स्वयंपाक करू नकोस. व्हिविड मोड काढून सिनेमा मोड लावला. लोगोची चमक आपोआप कमी करायची आणि चित्र अधूनमधून किंचित सरकवायची सोय चालू केली. नातवाला सांगितलं, गेम अर्धवट थांबवून जेवायला जायचं नाही, टीव्ही बंद करून जायचं. तो ऐकतो.

मग गेल्या वर्षी आई तिच्याकडे राहायला गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं होतं. आई चौऱ्याऐंशीची. मिरजेहून पंढरपूरला जाणाऱ्या जुन्या छोट्या गाडीतून ती लहानपणी वारीला गेलेली, आणि आता गुडघ्यांमुळे जिनाही उतरत नाही. ऑपरेशननंतर नव्या डोळ्यांनी तिला पहिल्यांदा काय बघायचं होतं, तर विठ्ठल. पंढरपूरच्या मंदिरातलं थेट दर्शन आता घरबसल्या दिसतं. नातीनं ते मोठ्या टीव्हीवर लावून दिलं. आई पहाटे काकड्याला बसायची ती दुपारच्या जेवणापर्यंत, मग पुन्हा धुपारतीला.

आठ दिवसांनी मुलीचा फोन. “बाबा, आजीला काही म्हणू शकत नाही मी. पण कॅमेरा हलतच नाही हो.”

मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेलो. सकाळी आईच्या शेजारी बसून तासभर नुसतं पाहिलं. खरंच, पडद्याला हलणारं चित्र हवं आणि इथं कमरेवर हात ठेवून जो उभा आहे त्याच्याइतकं स्थिर दुसरं काय असणार? कधीतरी पुजाऱ्यांचा हात येई, हार बदले, बाकी सगळं जिथल्या तिथं. मी तंत्रज्ञाच्या डोळ्यांनी पडदा वाचत होतो. मूर्ती काळ्या पाषाणाची, म्हणजे तिच्या चेहऱ्याच्या जागचे ठिपके जवळजवळ विझलेले. तिथं झीज नाही. झिजत होते ते कपाळावरच्या गंधाचे ठिपके, भरजरी पितांबराचे, मागच्या लखलखीत चांदीचे, आणि सगळ्यांत जास्त कोपऱ्यातला पांढरा लोगो. असंच महिनोन् महिने चाललं तर एक दिवस पांढऱ्या पडद्यावर भोवतालचं सगळं उतरलेलं दिसेल आणि तो जिथं उभा होता तेवढीच जागा कोरी, उजळ राहील. आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “मग बरंच आहे की.”

तिच्या दृष्टीनं बरंच होतं. पण टीव्ही मुलीचा, हप्ते तिचे, आणि वॉरंटीच्या कागदावर अशा छापेला सहसा भरपाई नसते. मी मधला मार्ग काढला. माझा बंद दुकानातला ३२ इंची जुना एलईडी टीव्ही मिरजेहून मागवून घेतला आणि आईच्या पलंगासमोर लावला. एलसीडीवर फार तर थोडा वेळ सावली रेंगाळते आणि जाते. तिथं देव दिवसभर उभा राहिला तरी चालतो. काळा रंग तितका काळा नाही, हे आईनं लगेच ओळखलं. “इथं जरा सावळा दिसतोय,” म्हणाली. चालेल म्हणाली. शेजारतीच्या वेळी मात्र तिला मोठाच टीव्ही हवा होता. रोज अर्धा तास. अर्ध्या तासानं काही होत नाही.

खरी अडचण पुढंच होती, आणि ती मीच निर्माण केलेली होती.

बत्तीस वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच वाक्य सांगत आलो. रिमोटनं बंद करून झोपू नका, भिंतीवरचं बटण बंद करा. वळवाच्या पावसात आमच्याकडे विजा पडायच्या, रात्री व्होल्टेज दोनशे साठपर्यंत चढायचं, आणि सकाळी दुकानासमोर पॉवर सप्लाय उडालेल्या टीव्हींची रांग. आईनं ते वाक्य सगळ्यांत निष्ठेनं पाळलं. पुण्यातही ती रोज रात्री भिंतीला धरत धरत जायची आणि बटण बंद करायची. “रात्रभर लाल दिवा जळतो, त्याचं बिल कोण भरणार?”

ओएलईडीला मात्र बंद केल्यावरच काम असतं. आधीच्या तपासणीपासून मिळून साधारण चार तास चालला असेल, तर रिमोटनं बंद केल्यानंतर तो पडदा काळा ठेवून आतल्या आत ठिपक्यांची तपासणी करतो, कोण किती उतरलं ते मोजतो आणि दुसऱ्या दिवशीसाठी वीज त्या हिशेबानं वाटून ठेवतो. याला काही मिनिटं लागतात. दोन हजार तासांनी एकदा मोठी तपासणी, ती तासाभराची. भिंतीवरचं बटण बंद केलं की हे काहीच होत नाही. म्हणजे टीव्ही जपण्यासाठी मी शिकवलेली सवयच या टीव्हीला मारत होती, आणि ती सवय मिरज-सांगलीत किती घरांत अजून चालू असेल याचा हिशेब मी त्या रात्री करत बसलो. दोन जुन्या गिऱ्हाइकांना मुद्दाम फोन करून सांगितलंही, कारण त्यांच्या मुलांनी ओएलईडी घेतल्याचं मला माहीत होतं. विजा कडाडत असतील तर प्लग काढाच. पण एरवी रोज रात्री तो वीज लागलेला राहू दे.

आईला हे कसं समजावायचं, मला सुचेना. ठिपके, व्होल्टेज, हिशेब, सगळं सांगून झालं. ती ऐकत होती, आणि नजर बटणावर. शेवटी तिनंच विचारलं, “म्हणजे आपण बंद केल्यावर आत त्याचं काहीतरी चालतं?”

“हो.”

“आणि मधेच कुणी गेलं तर मोडतं.”

“हो आई.”

“मग सरळ सांग ना, त्याची शेजारती असते म्हणून.”

त्या रात्री पंढरपूरची शेजारती संपली, गाभाऱ्याचे दिवे मंदावले. मुलीनं रिमोट दाबला. आई उठली, सवयीनं भिंतीपर्यंत गेली, बटणाशी हात नेला आणि मागं घेतला. पलंगावर येऊन बसली, आडवी झाली नाही. आम्ही तिघं अंधारात त्या लाल दिव्याकडे बघत राहिलो. सात-आठ मिनिटांनी टीव्हीच्या आतून ‘टिक’ असा बारीक आवाज आला.

“झालं त्याचं,” आई म्हणाली, आणि तिनं पांघरूण ओढून घेतलं.